टाकीतली अकरा थोटकं

ती अकरा थोटकं माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाहीत. तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, मोठमोठे मुद्देमाल जप्त केले, आणि त्यातले बरेचसे आता आठवायचे म्हटले तर जुन्या सहकाऱ्यांना फोन करावा लागतो. पण बिडीची ती अकरा थोटकं, प्रत्येकाला लाल दोरा, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओळीने मांडलेली, जशीच्या तशी दिसतात. आणि दिसली की हसू येतं. पोलिसाला आपली केस आठवून हसू यावं असं फार वेळा होत नाही, म्हणून ही लिहून ठेवतो. नाव कुणाचंच सांगणार नाही. ती माणसं सुखात आहेत, त्यांना सुखात राहू द्यावं.

निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असताना माझी नेमणूक भोर तालुक्यात होती. एका गुरुवारी सकाळची हजेरी आटोपली होती, मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात भोरमधला एक वेल्डर दारात येऊन उभा राहिला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ग्रील बनवणारा सरळमार्गी माणूस. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, माझ्याकडनं चूक झाली," तो म्हणाला. "एकानं माझ्याकडनं टाकी करून घेतली. पाण्याची म्हणून. आडवी, माणूसभर लांब, झाकणाला रबर आन् बाजूला गोल खिडकी. म्या इचारलं, पाण्याच्या टाकीला खिडकी कशाला? तर म्हणला, पातळी बघायला. काल व्हॉल्व्ह गळतोय म्हणून शिवऱ्याला बोलावलं. खिडकीतनं बघतो तर आत माणूस झोपलेला."

"मेलेला?" मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"न्हाई ओ. माझ्याकडं बघितलं, एक हात पाठीमागं घेतला आन् हासला."

बाकीची हकीकत त्याच्याकडून तुकड्यातुकड्याने काढली. शिवऱ्याला महामार्गाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये एकाने 'ऑक्सिजन उपचार केंद्र' थाटलं होतं. मणक्याला मार लागून पाय गेलेल्या माणसांना तो या टाकीत झोपवायचा आणि दाबाने ऑक्सिजन सोडायचा. सुकलेली नस त्याने जिवंत होते, असा त्याचा दावा. वेल्डरला मात्र झोप लागली नव्हती. "माझी टाकी दाबाची न्हाई, साहेब. आन् आक्सिजन म्हंजे खेळ न्हाई. आमी गॅस वेल्डिंगला वापरतो, तर तेलकट हातानं त्याच्या नळीला हात लावत न्हाई. एक ठिणगी आन् सगळं संपलं."

डायरीत नोंद घेतली, दोन पंचांना निरोप धाडला आणि तालुक्याच्या वैद्यकीय अधिकारी बाईंना पत्र दिलं. बाई लगेच आल्या. मला वाटलं होतं, हा सगळा प्रकारच थापेबाजी असणार. बाईंनी माझी समजूत दुरुस्त केली. दाबाखालचा ऑक्सिजन हा खरा उपचार आहे, त्या म्हणाल्या. खोल पाण्यातून वर येणाऱ्या पाणबुड्यांना होणारा त्रास, विषारी वायूची बाधा, न भरणाऱ्या काही जखमा, यांसाठी मोठ्या दवाखान्यांत तो देतात. मणक्याच्या दुखापतीवर त्याचा उपयोग होतो का, यावर अभ्यास चालू आहेत, पण ठाम काही सिद्ध झालेलं नाही. आणि हायवेवरच्या शेडमध्ये तर तो कुणीच देत नाही.

माझा एक अनुभव आहे. लबाड माणूस निव्वळ खोट्यावर दुकान मांडत नाही. त्याला पाय टेकवायला थोडी खरी जमीन लागते, आणि पोलिसाचं निम्मं काम ती जमीन कुठे संपते ते शोधण्यात जातं.

दुपारी छापा घातला. गाडीतून उतरल्या उतरल्या मी सवयीने सिगारेट काढली. वेल्डरने माझा हातच धरला. "आधी ती खिशात ठेवा, साहेब. हितं न्हाई." फौजदारकीपासून माझा हात असा कुणी धरला नव्हता, पण मी निमूटपणे पाकीट खिशात टाकलं. शेडमध्ये शिरलो तर उदबत्तीच्या वासाने नाक भरून गेलं. टाकीच्या उशाशी देवाचा फोटो, समोर उदबत्त्यांचा जुडगा आणि पांढरा कोट घातलेला 'डॉक्टर' मोबाईल बघत बसलेला. आमचे हवालदार वेल्ह्याचे. त्यांनी त्याला बघताक्षणी ओळखलं. "अहो, हा तर आमच्याकडं हाडं बसवायचा. माझ्या मेव्हण्याचं कोपर ह्यानंच वाकडं बसवलंय."

टाकी उघडली. आतला माणूस पन्नाशीचा, हिर्डोशीकडचा शेतकरी. त्याला सगळे तात्या म्हणत, मीही तेच म्हणतो. दोन महिन्यांपूर्वी हिरडे काढताना झाडावरून पडून त्याच्या कमरेच्या मणक्याला मार लागला होता आणि दोन्ही पाय लुळे पडले होते. उपचारासाठी नवरा-बायको भाटघरला तिच्या भावाकडे येऊन राहिली होती. तो भाऊ त्याला रोज टेम्पोतून शिवऱ्याला आणायचा आणि उचलून टाकीत ठेवायचा.

पंचनामा सुरू झाला. भिंतीशी ऑक्सिजनचे दोन मोठे सिलिंडर उभे होते, दोन्ही रिकामे. "आत्ताच संपले," डॉक्टर म्हणाला. टाकीतली गादी उचलली तर खाली बिडीची थोटकं आणि जळलेल्या काड्या. मी वैतागून म्हणालो, हा कचरा कशाला लिहिताय? हवालदार जुने, मान वर न करता म्हणाले, "दिसंल ते लिहायचं, साहेब, तुमीच सांगता." आणि त्यांनी लिहिलं: लाल दोऱ्याच्या बिडीची थोटकं, नग अकरा. मी पुढे गेलो. सांगायला लाज वाटते, पण त्या घटकेला मला त्या थोटकांचा काही अर्थ लागला नव्हता.

डॉक्टरकडे वैद्यकीचा कसलाही परवाना नव्हता, तेवढ्यावर अटक झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने सोमवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. पण गडी निर्धास्त होता. "मोबाईलवर बघा, साहेब. जगभर देतात. मी ऑक्सिजनच देत होतो, विष नाही." फसवणुकीचा गुन्हा टिकवायचा तर टाकीत ऑक्सिजन नव्हता हे दाखवायला हवं होतं. रिकामा सिलिंडर काल भरलेला होता की नव्हता, हे कोण सांगणार? त्यातून तक्रारदार एकही नाही. उलट तक्रार आली ती आमच्याविरुद्ध.

शुक्रवारी दुपारी तात्यांची कारभारीण ठाण्यात आली. काटक बाई, पदर कमरेला खोचलेला. ठाणे अंमलदाराला ओलांडून थेट माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"टाकी कुठंय?"

"जप्त केलीय, ताई."

"परत द्या. चाळीस येळा आत घालायचं व्हतं, एकतीस झाल्यात. मधी खंड पडला तर नस परत सुकती, असं डाक्टर म्हणलाय. ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हालला, साहेब. म्या डोळ्यानं बघितलाय. त्यो थांबला तर म्या हितनं उठायची न्हाई."

आणि ती बाकावर बसली ती खरंच उठेना. तिला चहा दिला, तो प्यायली आणि पुन्हा बसून राहिली. बोलता बोलता एक गोष्ट बाहेर आली, आणि मग माझाच चहा गार झाला. पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तात्यांचं ऑपरेशन झालं होतं. तिथल्या पुनर्वसनाच्या वॉर्डात, जिथे अशा माणसांना पुन्हा उभं राहायला शिकवतात, त्यांचं नाव लावून ठेवलेलं होतं. खाट रिकामी झाल्याचा फोन बुधवारी आला होता. सोमवारी दहाच्या आत यायचं, नाहीतर खाट पुढच्या माणसाला.

"मग जाताय ना?"

"चाळीस पुरं झाल्याबिगर कसं जायाचं? डाक्टर न्हाई म्हणलाय."

मी वैद्यकीय अधिकारी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "साहेब, पडल्यापासूनचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात. अंगठा हलतोय म्हणजे दुखापत पुरती नाही, खाली काहीतरी पोचतंय. ही खाट गेली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. काहीही करा, पण सोमवारी त्यांना तिथे पोचवा." फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आरोपीला शिक्षा होणं ही आता दुय्यम गोष्ट आहे. सोमवारी सकाळी दहाच्या आत एक माणूस पुण्यात पोचायला हवा, आणि त्यासाठी त्याच्या बायकोचा त्या टाकीवरचा विश्वास उडायला हवा. माझ्या बोलण्याने तो उडणार नव्हता.

शनिवारी सकाळी जबाब घ्यायला हवालदारांना घेऊन भाटघरला गेलो. तात्या ओट्यावर उशीला टेकून बसले होते. बायको शेजारी बसून त्यांच्या पायांना करंजाचं तेल चोळत होती.

"टाकीत घालायच्या आधी बी असंच चोळायची," ती म्हणाली. वेल्डरचे तेलकट हात मला आठवले.

"आत कसं वाटायचं, तात्या?"

"लई झाक," तात्यांचा चेहरा फुलला. "निवांत. कुणाची कटकट न्हाई. तासभर निस्तं पडून ऱ्हायाचं. जीव कसा गार व्हायाचा."

पाय गेलेला माणूस लोखंडाच्या नळकांड्यात कोंडून घ्यायला इतका राजी का, असा विचार मनात आला आणि माझी नजर त्यांच्या सदऱ्यावर गेली. खिशाच्या शिवणीत बोटभर लाल दोरा अडकला होता. मग एकदम सगळं जुळलं. वेल्डरला बघून पाठीमागे घेतलेला हात. शेडमधला उदबत्तीचा वास, ज्यात दुसरा कुठलाही वास बुडून गेला असता. गादीखालची थोटकं.

"ताई, चहा टाकता का? साखर जरा बेताची," मी म्हणालो. ती आत गेल्यावर हळूच विचारलं, "तात्या, बिडी कधीपासून सोडलीय?"

"पडल्यापासनं. हिनं शपथ घातलीया."

"आणि टाकीत?"

तात्यांनी आधी आतल्या दाराकडे बघितलं, मग हवालदारांकडे, मग माझ्याकडे. दरोडेखोर फुटताना मी पाहिलेत, पण असा चेहरा कुणाचा झाला नव्हता. "साहेब," ते कुजबुजले, "मला आत घाला, बेड्या ठोका, पर हिला सांगू नका."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टेम्पोतून आणणारा मेव्हणाच कनवटीला बिडी आणि काडेपेटी खोचून द्यायचा. सुरुवातीला भीती वाटली, मग चटक लागली. डॉक्टर मोबाईलमध्ये गुंग. टाकीला हवा बाहेर जायची एक नळी होती, तिच्या तोंडाशी तोंड नेऊन दोन झुरके मारायचे. घरात बायकोची नजर, ओट्यावर बायकोची नजर, अख्ख्या तालुक्यात तिची नजर पोचत नव्हती अशी ती एकच जागा.

"पेटवल्यावर भडका वगैरे?"

"कसला भडका? उलट चार-चार काड्या इझायच्या."

मी आणि हवालदारांनी एकमेकांकडे बघितलं. हवालदारांनी तोंडाला रुमाल लावला आणि ओट्यावरून खाली उतरून गेले. त्यांचे खांदे गदगदत होते.

दुपारी आरोपीला समोर घेतलं. आवाज चढवायची गरज नव्हती. त्याला खुर्ची दिली आणि म्हणालो, "डॉक्टर, मला यातलं काही कळत नाही. जरा शिकवा. ऑक्सिजन भरलेल्या टाकीत आत कुणी काडी पेटवली तर?"

आपल्या ज्ञानाची विचारपूस झाली की असली माणसं खुलतात. तो पंधरा मिनिटं बोलला. ठिणगीसुद्धा चालत नाही, म्हणाला. अंगाला तेल चालत नाही, मोबाईल चालत नाही. ठिणगी पडली तर माणूस बाहेर काढायला वेळच मिळत नाही. माहिती बरोबर होती. पाठ केली होती पठ्ठ्याने.

"म्हणजे आतला माणूस वाचणार नाही?"

"शक्यच नाही, साहेब. राख."

मी कपाटातून मुद्देमालाची पुडी काढली, सील पंचांसमोर फोडलं आणि वर्तमानपत्रावर थोटकं ओळीने मांडली. "ही तुमच्या टाकीतली, गादीखालची. पंचनाम्यावर तुमची सही आहे. ज्याने ओढल्या तो आत्ता भाटघरला ओट्यावर बसलाय. सकाळी त्याने माझ्याबरोबर चहा घेतला. राख काही झालेली दिसली नाही."

त्याने बोटाने थोटकं मोजली. मग म्हणाला, "शेजारच्या पंक्चरच्या बंद दुकानात कॉम्प्रेसर आहे."

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने दाखवलेली वस्तू चालते. तसंच पंचांना घेऊन शिवऱ्याला गेलो. ट्रकच्या टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर, आणि जमिनीखालून टाकीपर्यंत आणलेली नळी. हायवेवर त्याच्या आवाजाची दखल कोण घेणार? सिलिंडर भंगारातून आणले होते. एकतीस दिवस तात्यांनी शिवऱ्याची साधी हवा खाल्ली होती. खरा ऑक्सिजन असता तर तेलाने माखलेला तो माणूस पहिल्या काडीलाच गेला असता. उभ्या नोकरीत कुणाच्या लबाडीने कुणाचा जीव वाचवलेला मी तेवढ्या एकदाच पाहिला.

रविवारी वैद्यकीय अधिकारी बाईंना घेऊन पुन्हा भाटघरला गेलो. सांगणं भागच होतं, तात्यांचा जबाब कागदावर यायचा होता. मी सगळं सांगितलं. मेव्हणा तोवर गोठ्यात पसार झाला होता. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

कारभारीण नवऱ्याकडे वळली. "बिड्या?"

"अकराच," तात्या म्हणाले.

"म्या उपास धरलेत आन् तुमी तितं झुरकं मारताय?" तिने असा काही तोंडाचा पट्टा सोडला की शेजारच्या दोन घरांतली माणसं ओट्याशी जमा झाली. टाकीवाल्यावर ती एक शब्द बोलली नाही, सगळा राग बिडीवर. मग दम लागून बसली. आणि बसल्यावर तिचा आवाज एकदम खाली आला.

"म्हंजे आत काईच नव्हतं?"

"साधी हवा, ताई."

"मग अंगठा कशानं हालला?"

वैद्यकीय अधिकारी बाई तिच्याजवळ सरकून बसल्या. "दवाखान्यातून सोडताना तुम्हाला काही शिकवलं होतं का?"

"पाय दुमडायचं, सरळ करायचं, घोटा फिरवायचा. सकाळी शंबर, सांजंला शंबर. त्ये काय, त्ये तर म्या रोजच करती. त्याला काय उपचार म्हणायचं?"

"त्यालाच म्हणायचं," बाई म्हणाल्या. "इजा अर्धवट असली की शरीर थोडंफार स्वतःहून परत मिळवतं. पण सांधे आखडले असते तर तेही वाया गेलं असतं. हे पाय तुमच्या हातांनी राखलेत. आता पुढचं शिकवायला सोमवारी तिथे माणसं वाट बघतायत."

ती आपल्या तेलकट तळव्यांकडे बघत राहिली. मग पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडताच हसायला लागली. तात्यांनी एक डोळा उघडून बघितलं. मलाही भरून आलं, ते कशाला लपवू?

सोमवारी सव्वानऊला रुग्णवाहिका पुण्याच्या दवाखान्याच्या दारात होती. फिर्याद तात्यांच्या बायकोनेच दिली, गाडीत बसायच्या आधी, सही करून.

पुढच्या गोष्टी मला फोनवर कळत गेल्या. तात्यांनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं म्हणे, "खरी टाकी हाय का तुमच्याकडं?" डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यासाठी तिची खात्री आम्ही देत नाही, तुमचं औषध म्हणजे व्यायाम. पण नंतर टाचेची एक जखम काही केल्या भरेना, तेव्हा त्या जखमेसाठी म्हणून त्यांना खऱ्या यंत्रात बसवलं. आत जाण्याआधी सुती कपडे देतात आणि कसून झडती घेतात. तात्यांची झडती झाल्यावर बायको म्हणाली, "कानामागं बी बघा." बघितलं. काही नव्हतं.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. मी निवृत्तीच्या टोकाला आलो होतो. भोरच्या कोर्टात तात्यांचं नाव पुकारलं आणि ते दारातून वॉकर पुढे सरकवत चालत आले. पाऊल, थांबा, पाऊल. सगळं कोर्ट बघत होतं. न्यायाधीशांनी खुर्ची द्यायला सांगितलं तर म्हणाले, "नगं, साहेब. लई दिस बसलोय."

आरोपीच्या वकिलाने नेमकं तेच धरलं. "तुम्ही आज चालता आहात. पायात पहिली हालचाल माझ्या अशिलाच्या उपचारातच सुरू झाली, खरं ना?"

"अंगठा तवाच हालला, व्हय," तात्या म्हणाले. "पर त्या टाकीत खरा आक्सिजन असता, तर तुमी आज माजा जबाब घेत नसता, माज्या फोटोला हार घातला असता."

"आत तुम्ही काय करत होता, ते सांगा कोर्टाला."

तात्यांनी मागच्या बाकावर बसलेल्या बायकोकडे बघितलं. "बिडी वढत हुतो," ते म्हणाले. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. आरोपीला शिक्षा झाली.

या केसने मला काय शिकवलं? माणूस मोठं नुकसान उघड सांगतो, पण छोटी लाज जिवापाड लपवतो, आणि तपासाचं टोक बरेचदा त्या लाजेतच सापडतं. आणि दुसरं असं की आशा धरणाऱ्याला भोळा म्हणून हसू नये. त्या बाईची आशा खरी होती, फक्त तिने ती चुकीच्या जागी ठेवली होती. गुण आला तो तिच्या हातांनी, आणि ते तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर आम्ही तिघं उभे होतो. तात्या वॉकरवर, बाई शेजारी. मन इतकं हलकं झालं होतं की मी नकळत खिशातून पाकीट काढून सिगारेट ओठांना लावली. बाईने हात पुढे केला. मी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी आकाशाकडे बघितलं. मी ओठांतली सिगारेट पाकिटात घालून पाकीट तिच्या हातावर ठेवलं, तिने ते कमरेला खोचलं आणि दोघं एसटी स्टँडकडे निघाली. पाऊल, थांबा, पाऊल. तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून मुद्देमाल जप्त करणारी ती एकटीच, तोही पंच नाहीत, पावती नाही. पाकीट अजून तिच्याकडेच आहे. मीही पुन्हा दुसरं घेतलेलं नाही.